पेंडंट उलटं करून बघा ताई, समोरून नाही (आर्ट नूवो, म्हणजे 1900 च्या आसपासच्या वळणदार घाटाच्या जुन्या चांदीबद्दल जरा सविस्तर)

ताई, सगळ्यात आधी एक विनंती, ते पेंडंट सोनाराकडे देऊन आला असाल तर आजच जाऊन परत आणा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

प्रश्न असा होता: या ताईंच्या भाच्याने इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या एका जुन्या वस्तूंच्या बाजारातून त्यांच्यासाठी चांदीचं पेंडंट आणलं, पंखासारखा घाट, त्यावर निळा-हिरवा मीना, खाली छोटा लटकन. विकणाऱ्याने सांगितलं की हे लंडनच्या लिबर्टी दुकानाचं, आर्किबाल्ड नॉक्स नावाच्या मोठ्या डिझायनरचं. इकडे पुण्यात सोनाराने वजन केलं, साडेचार ग्रॅम भरलं, तो म्हणाला चांदी काही फार नाही, मीना एका कोपऱ्यात उडालाय, काळं पडलंय, बफ मारून नवीन मीना भरून देतो, चकाचक करतो. आता ताईंना तीन गोष्टी कळायला हव्यात, हे खरं आहे का, नॉक्सचं आहे का, आणि सोनाराला द्यायचं का.

खरं आहे. नॉक्सचं नाही. आणि द्यायचं नाही, निदान या कामासाठी तरी नाही.

मी मूळचा हुपरीचा. कोल्हापूरकडच्या लोकांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी, आमच्या गावात घरटी कोणीतरी चांदीत असतं, पैंजण, साखळ्या, आटणी, टंच हे शब्द आम्ही बाराखडीच्या आधी शिकतो. वडिलांच्या हाताखाली झाळ लावायला, म्हणजे धातू वितळवून जोड द्यायला, शिकलो आणि नंतर बर्मिंगहॅमला आलो, इथल्या ज्वेलरी क्वार्टरमध्ये बावीस वर्षं जुनी चांदी दुरुस्त करतोय, त्यातली निम्मी तरी 1890 ते 1914 मधली. त्यामुळे दोन्हीकडचे हात मला माहीत आहेत, तुमचा सोनार काय बघतोय तेही कळतं आणि इथला व्यापारी काय बघतोय तेही.

सोनार वजन बघतो, व्यापारी समोरची बाजू बघतो, मी दागिना हातात आला की आधी पालथा करतो. समोरची बाजू कोणीही नक्कल करू शकतं, मागे मात्र बनवणारा, दुरुस्त करणारा आणि फसवणारा, तिघेही काही ना काही सोडून जातात. तुम्ही मागच्या बाजूचा फोटो पाठवलात म्हणून बरं, नाहीतर मी एवढं ठामपणे बोललोच नसतो.

तर मागे काय दिसतंय बघा. वरच्या कडीच्या खाली चार छोटे ठसे आहेत. सी आणि एच ही दोन अक्षरं, मग एक चालता सिंह, मग एका ढालीत तलवार आणि तिच्याभोवती तीन गव्हाच्या पेंढ्या, आणि मग एकटं एच अक्षर. पाचवा ठसा म्हणून तुम्हाला जे वाटतंय तो ठसा नाही, चिमट्याचा ओरखडा आहे. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात 925 भाग चांदी, आपल्या भाषेत साडेब्याण्णव टंच. तलवार आणि पेंढ्या म्हणजे चेस्टर शहराचं तपासणी कार्यालय, जे 1962 साली बंद झालं, म्हणजे त्यानंतर कोणी खरा चेस्टरचा शिक्का मारूच शकत नाही. एकटं एच म्हणजे वर्ष, चेस्टरला 1901 मध्ये ए पासून नवीन बाराखडी सुरू झाली, मोजत या, एच येतं 1908 ला. आणि सी एच म्हणजे चार्ल्स हॉर्नर, हॅलिफॅक्सचा.

हॅलिफॅक्स यॉर्कशायरमध्येच आहे, म्हणजे तुमचं पेंडंट शंभर वर्षांत घरापासून फार लांब गेलंच नव्हतं, पुण्याला आलं तीच त्याची मोठी ट्रिप. आता गंमत अशी की चार्ल्स हॉर्नर स्वतः 1896 मध्येच वारला होता, धंदा त्याच्या मुलांनी चालवला आणि हे पंखवाले, गाठीवाले, निळे-हिरवे दागिने सगळे मुलांच्या काळातले. म्हातारा प्रसिद्ध होता अंगुस्तान्यांसाठी. शिवताना बोटात घालतो ते अंगुस्तान, चांदीचं असलं की सुईने भोकं पडायची, याने चांदीच्या दोन थरांमध्ये पोलादाचा थर घातला आणि 1884 मध्ये पेटंट घेतलं, डॉर्कस नावाने ती अजून बाजारात सापडतात, आणि माझ्या बायकोकडे एक आहे जे ती खरंच वापरते.

हॉर्नरचा कारखाना म्हणजे मशीनचं काम. पत्रा दाबून ठशात काढायचा, कडा साफ करायच्या, मीना भरायचा, भाजायचा, पुढचा नग. म्हणून तुमचं पेंडंट एवढं हलकं आहे. साडेचार ग्रॅम ऐकून तुम्ही नाराज झालात पण हलकं असणं हीच त्याची ओळख आहे, हॉर्नरचं म्हणून कोणी मला बारा ग्रॅमचं असलं पेंडंट दिलं तर मला आधी संशय येईल. हे दागिने महाराण्यांसाठी नव्हतेच, दुकानात, शाळेत, ऑफिसात काम करणाऱ्या बायकांना परवडावेत म्हणून होते, आणि माझ्या मते त्या किमतीत एवढा सुंदर घाट त्या काळात फार कमी जणांनी दिला.

आता नॉक्सचं. लिबर्टी हे लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरचं दुकान, आर्थर लिबर्टीने 1875 मध्ये सुरू केलं, सुरुवातीला नाव होतं ईस्ट इंडिया हाऊस आणि माल पूर्वेकडचा, रेशीम वगैरे, आपल्याकडचंही त्यात आलं. 1899 मध्ये त्यांनी चांदीची नवी मालिका काढली, नाव किमरिक, म्हणजे वेल्सचं असा अर्थ, पण तिचा मुख्य डिझायनर नॉक्स होता आईल ऑफ मॅन बेटावरचा, आणि चांदी बहुतेक घडायची इथे बर्मिंगहॅमला, हॅसलर नावाच्या कारखान्यात. वेल्सचा संबंध फक्त नावापुरता, मार्केटिंग तेव्हाही होतंच. त्या मालावर एल अँड को असा लिबर्टीचा ठसा असतो किंवा हॅसलरचा, आणि बर्मिंगहॅमचा नांगर. हो, नांगर, जहाजाचा, समुद्रापासून इतक्या लांबच्या शहराचा शिक्का नांगर आहे, म्हणतात की 1773 मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्डवाल्यांच्या बैठका लंडनला क्राऊन अँड अँकर नावाच्या खानावळीत व्हायच्या, एकाने मुकुट घेतला, एकाने नांगर.

लिबर्टीने आपल्या डिझायनरांची नावं मालावर कधी टाकलीच नाहीत. म्हणून बाजारात काय झालंय, जे काही गोलगोल वळणाचं आणि निळ्या-हिरव्या मीन्याचं दिसेल त्याला नॉक्स म्हणून मोकळं व्हायचं. दहा जण नॉक्स म्हणून घेऊन येतात त्यात एक असतो, तोही असलाच तर. नॉक्सची वळणं जुन्या केल्टिक दगडांवरच्या गाठींसारखी असतात, रेघ कुठून निघते आणि कुठे संपते ते बोटाने शोधत जावं लागतं. हॉर्नरचा घाट साधा, पंख, पान, एखादी गाठ, एका नजरेत कळणारा. दोन्हीत किंमतीचा फरक म्हणाल तर खात्रीचं नॉक्सचं पेंडंट हजारो पौंडांत जातं आणि हॉर्नरचं साधं पेंडंट शे-दोनशे, चांगलं असलं तर थोडं वर. भाच्याने किती दिले ते तुम्ही लिहिलं नाहीत, मी विचारतही नाही, पण पावतीवर नॉक्स असं लिहून दिलं असेल तर तो परत जाऊन विचारू शकतो. तोंडी सांगितलं असेल तर सोडून द्या.

आर्ट नूवो हा शब्द तरी काय, एका दुकानाचं नाव आहे. सीगफ्रीड बिंग नावाचा हॅम्बुर्गचा माणूस पॅरिसमध्ये जपानी वस्तू विकायचा, डिसेंबर 1895 मध्ये त्याने नवीन गॅलरी उघडली, नाव दिलं मेझाँ द लार नूवो, नव्या कलेचं घर. जर्मनीत त्याच लाटेला युगेंडश्टील म्हणाले, म्युनिकच्या युगेंड नावाच्या मासिकावरून, इटलीत तर चक्क स्टिले लिबर्टी, लंडनच्या दुकानावरून. पॅरिसवाले सोनं, शिंग, काच यात रमले, तिथल्या लालीक या दागिने घडवणाऱ्याचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. चांदीत खरी मजा आली इंग्लंड, जर्मनी, डेन्मार्क आणि अमेरिकेत. म्हणून कोणी तुम्हाला चांदीचं लालीक स्वस्तात देतो म्हणाला तर हसून पुढे जा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही कारण मी हुपरीचा आहे आणि ती मला टोचते. लिबर्टीच्या किमरिक चांदीवर हातोडीचे बारीक टवके दिसतात, लोक बोट फिरवून म्हणतात वा, हातकाम. त्यातल्या बऱ्याच मालात ते टवके ठशातच कोरलेले असायचे, पत्रा दाबला की हातोडीच्या खुणा तयार, हातोडी न लावता. त्याच वेळी ॲशबी नावाचा माणूस खरोखर हाताने काम करणाऱ्या कारागिरांचा गिल्ड, म्हणजे संघ, चालवत होता, 1888 मध्ये लंडनला सुरू केलेला, 1902 मध्ये सगळी माणसं बायकामुलांसकट खेड्यात नेली, चिपिंग कॅम्पडनला. लिबर्टीचा माल तसाच दिसायचा आणि स्वस्त मिळायचा. 1907-08 मध्ये गिल्ड गुंडाळला. गावी घरोघरी हाताने साखळी विणणारे आणि मशीनची साखळी यांचं भांडण मी लहानपणापासून ऐकलंय, इथे येऊन वाचलं तर तेच, फक्त शंभर वर्षं आधी. हॉर्नरबद्दल मला राग नाही, त्याने मशीनला मशीनच म्हटलं, खोट्या हातोडीच्या खुणा नाही मारल्या.

बरं, मीन्याकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

मीना म्हणजे काच, बारीक दळलेली, ओली करून चांदीवर पसरायची आणि भट्टीत 750 ते 850 अंशांच्या मध्ये कुठेतरी वितळवायची. स्टर्लिंग चांदी स्वतः 800 अंशांच्या आसपास पाझरायला लागते, म्हणजे मीना पिकतो आणि चांदी बसते यात फरक किती ते बघा, मिनिटभर जास्त ठेवलं की गेलं. आणि ही सगळी मंडळी निळ्या-हिरव्याच्याच मागे का होती, मोरपिसाची फॅशन होती हे खरं, पण दुसरं कारण भट्टीतलं आहे. निळा आणि हिरवा पारदर्शक मीना चांदीवर थेट बसतो आणि खालची चांदी आरशासारखी उजेड परत फेकते, म्हणून तो पाण्यासारखा दिसतो. लाल मीना चांदीवर थेट लावला की पिवळट, तपकिरी, मेलेला दिसतो, मध्ये रंगहीन काचेचा थर द्यावा लागतो, म्हणजे एक भाजणं जास्त, मजुरी जास्त. स्वस्त माल विकायचा तर निळा-हिरवाच बरा. तुमच्या फोटोत पंखाच्या टोकाला निळ्यातून हिरवा कसा हळूच सरकलाय बघा, मध्ये रेघ नाही, दोन रंगांची ओली पावडर एकमेकांत ब्रशने ओढलीय. मशीनचा कारखाना असला तरी ते सरकवणं कोणाच्यातरी हाताने झालंय, 1908 मध्ये, बहुतेक एखाद्या मुलीच्या.

आता सोनार म्हणतो नवीन मीना भरून देतो. उडालेल्या कोपऱ्यापुरता नवीन मीना भरून भाजता येत नाही हो. भट्टीत पूर्ण पेंडंट जातं, जुना मीना परत वितळतो, रंग बदलतो, त्यात शंभर वर्षांत गेलेला घाम, साबण, मळ सगळा बुडबुडे होऊन वर येतो. म्हणून चांगला कारागीर काय करेल, जुना मीना सगळा काढून टाकेल आणि नव्याने करेल. कदाचित फार सुंदर करेल, आपल्याकडे मीनाकारीचे हात जगात भारी आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण मग तुमच्याकडे 1908 ची चांदी आणि आजचा मीना उरेल, आणि इथला कुठलाही जाणकार भिंग लावून दोन मिनिटांत ते ओळखेल.

शिवाय एक भीती वेगळीच आहे, आणि ती मी स्वतः भोगलीय. बर्मिंगहॅमला माझा पहिलाच हिवाळा, एका जुन्या वर्कशॉपमध्ये लागलो होतो. एक जर्मन ब्रोच आला, बाईचा चेहरा आणि वाऱ्यावर उडणारे केस, मागे चंद्रकोर आणि मुकुट आणि 800 आकडा, म्हणजे जर्मनीत बनलेली खरी चांदी, हजारात 800 भाग. पिनचा चाप तुटलेला. मी म्हटलं ह्यात काय, टाकणखार लावला, चांदीची झाळ ठेवली, ज्योत मारली. मागे आधी कोणीतरी कधीतरी कथलाची झाळ लावून दुरुस्ती केली होती, राखाडी, मळकी, मला ती मळच वाटली. कथील 200 अंशांच्या आसपास वितळतं, आणि त्याच्यासकट चांदी तापवली की ते चांदीत उतरतं, चांदी खातं. माझ्या डोळ्यासमोर बाईच्या गालाला आतून खड्डा पडला, मग भोक. वरून मी शहाणपणा करून केसांमधला काळेपणा आधीच बफ मारून काढला होता, आमच्याकडे काळं म्हणजे घाण, उजाळा द्यायचा असंच शिकलेलो. मालक म्हातारा होता, ओरडला नाही. भिंग हातात दिलं आणि त्याच साच्यातला दुसरा, न उजळलेला ब्रोच समोर ठेवला. त्यातल्या बाईचे केस केसांसारखे दिसत होते. माझ्या ब्रोचमधली बाई टकलावर नूडल्स ठेवल्यासारखी. तो काळेपणा कारागिराने मुद्दाम दिलेला असतो, गंधकाच्या पाण्याने, खोलगट भागात सावली म्हणून. भरपाई माझ्या पगारातून हप्त्याने गेली.

तेव्हापासून ज्योत पेटवायच्या आधी मी मागची प्रत्येक राखाडी जागा सुईने टोचून बघतो, सुई सहज रुतली की कथील. तुमच्या पेंडंटला वरच्या कडीच्या मुळाशी अशीच एक मळकी गाठ दिसतेय. मला फोटोवरून खात्री नाही देता येणार, पण ज्याने कोणी ती लावली त्याने मीना वाचवायला कमी उष्णतेची झाळ वापरली असणार. म्हणून भट्टी नको, ज्योत नको.

उडालेल्या कोपऱ्याचं काय करायचं मग? मी असतो तर काहीच केलं नसतं. अगदी डोळ्यात खुपत असेल तर जुन्या वस्तू दुरुस्त करणारे लोक रंग मिसळलेलं रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकसारखं घट्ट होणारं द्रव, थंडच भरतात, उद्या काढायचं म्हटलं तर काढता येतं. फक्त पुढेमागे विकलंत किंवा कोणाला दिलंत तर सांगा की हा कोपरा भरलेला आहे.

रेझिनवरून आठवलं, तुम्ही विचारलंय की पुढच्या वेळी भाच्याने काय बघून घ्यावं. त्याला सांगा, दहा पटीचं भिंग घे, आणि सगळ्यात आधी मीन्याची कड बघ. खरी काच भाजून मग घासून चांदीच्या काठाला सपाट केलेली असते, रेझिन काठावर फुगून बसतं, थेंबासारखं, आणि आत गोल बुडबुडे तरंगताना दिसतात. ओठाला लावलं की काच गार लागते, रेझिन लागत नाही. दुकानात ओठाला लावायची लाज वाटली तर गालाला लाव. गरम सुई वगैरे टोचायच्या फंदात पडू नये, दुकानदार हाकलून देईल आणि बरोबरच करेल.

मग आकडे. नुसता 925 आकडा आणि दुसरं काहीच नाही, आणि वस्तू इंग्लंडची 1900 ची म्हणून सांगतायत, तर हात जोडून निघायचं, त्या काळी इंग्लंडमध्ये बनलेल्या मालावर सिंह असायचा, आकडा नव्हता. पण लगेच प्रत्येक 925 ला खोटं म्हणू नका, 1904 पासून बाहेरून आलेल्या मालावर इथली कार्यालयं वेगळे शिक्के मारायची आणि त्यात दशांशासकट .925 असायचं, बर्मिंगहॅमचा आयातीचा शिक्का त्रिकोण. अमेरिकेत नेवार्कच्या उंगर ब्रदर्सच्या मालावर तर स्टर्लिंग 925 फाईन असं लिहिलेलंच असतं. फ्रेंच असेल तर छोट्या चांदीवर पॅरिसचं रानडुकराचं डोकं, भिंगाशिवाय दिसतच नाही. आणि मागे इंग्लंडच्या राणीचं डोकं असलेला करभरल्याचा ठसा दिसला तर तो 1890 मध्येच बंद झाला, म्हणजे वस्तू त्याच्या आधीची, तिला आर्ट नूवो म्हणणारा घाईत आहे. आरडी म्हणून पुढे मोठा आकडा असला तर तो डिझाईन नोंदणीचा, 1900 च्या सुरुवातीला ती नोंदणी साडेतीन लाखांच्या पुढे गेली होती, तेवढं लक्षात ठेवलं तरी अंदाज येतो.

उंगरचं नाव घेतलं म्हणून, त्यांच्या केस मोकळे सोडलेल्या बाईच्या ब्रोचची सगळ्यात जास्त नक्कल होते. अस्सल असतो तो पातळ पत्रा ठशात दाबलेला, मागे दुसरा पत्रा लावून बंद केलेला, आतून पोकळ, म्हणून हातात घेतला की अपेक्षेपेक्षा हलका. नक्कल ओतीव असते, भरीव, जड, पापण्या आणि केसांच्या रेघा बोथट, आणि मागे सुईच्या टोकाएवढी भोकं, ओतकामात हवा अडकते त्याची. आपल्या माणसाला जड म्हणजे चांगलं असं वाटतं, तिथेच फसतो. अजून एक, बेल्टचं अर्धं बक्कल किंवा कोटाचं बटण घेऊन मागे पिन लावून ब्रोच म्हणून विकतात. त्यात वस्तू खोटी नसते, फक्त ब्रोच नसते, मागे जुन्या कडीची कापलेली खूण दिसते आणि पिनची चांदी वेगळ्या रंगाची. मला असली बटणं आवडतात, किंमत बटणाची द्यावी एवढंच.

साफसफाई. कोमट पाणी, शक्यतो डिस्टिल्ड, भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब, लहान मुलाचा मऊ टूथब्रश किंवा चित्रकलेचा ब्रश, आणि बुडवून ठेवायचं नाही, मीन्याला बारीक तडे असतील तर पाणी आत जातं आणि चांदी खालून काळी पडते. जुन्या सुती साडीच्या तुकड्याने टिपून घ्या. वरच्या गुळगुळीत चांदीवर चांदी पुसायचं कापड फिरवा, खोलगटात नको. रिठे, चिंच, रांगोळी, राख, टूथपेस्ट, भांडी घासायची पावडर, हे सगळं आजीच्या पैंजणांना ठीक, यांना नाही. बाजारात बुडवून काढायचं चांदीचं पाणी मिळतं त्यात आम्ल असतं, ते मीन्याच्या कडेने आत शिरतं. व्हिडिओत दाखवतात ते ॲल्युमिनियम फॉइल आणि सोडा पण नको, मुद्दाम दिलेला काळेपणाही त्यात जातो. आणि चष्मेवाल्याकडचं थरथरणारं मशीन, अल्ट्रासोनिक, त्यात तर अजिबात नको, एक तडा असेल तर पूर्ण पापुद्रा सुटून खाली पडलेला मी पाहिलाय.

ठेवताना रबरबँड लावू नका आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नका, चांदी काळी पडते ती गंधकाने आणि ते दोन्हीकडून मिळतं. धुतलेलं मलमल, झिपची पिशवी, बास. घालताना अत्तर आधी, पेंडंट नंतर. एक गोष्ट इथल्या लोकांना कधी सांगावी लागत नाही पण तुम्हाला सांगतो, इथे घरात कार्पेट असतं, पडलं तरी मीना वाचतो, तुमच्याकडे फरशी आहे. काढताना पलंगावर बसून काढा, आरशासमोर उभं राहून नाही. तुमचा तो कोपरा कसा उडाला असेल सांगता येत नाही पण मी जेवढे उडालेले कोपरे बघितलेत त्यातले बहुतेक बाथरूमच्या फरशीवरचे आहेत.

आणि शेवटचं, हे तुम्ही विचारलं नाहीत पण फोटोत मला सगळ्यात आधी तेच दिसलं. खालचा लटकन ज्या कडीत अडकलाय ती कडी झिजून एका बाजूला केसाएवढी राहिलीय. मीना नंतर बघा, लटकन आधी पडेल. नवीन कडी बसवायला झाळ लागत नाही, जाडसर चांदीच्या तारेची कडी करून दोन चिमट्यांनी तोंड घट्ट मिटवलं तरी पुरतं, फार तर लेझरवाल्याकडून टोक जोडून घ्या, त्यात उष्णता टाचणीच्या टोकाएवढ्या जागेत राहते, ते मुंबईत झवेरी बाजारात मिळेल. जुनी कडी फेकू नका, मलमलच्या पिशवीतच ठेवा. आणि तोपर्यंत घालायचंच असेल तर निळा रेशमी दोरा घ्या, लटकन आणि पेंडंट दोन्हीतून दोनदा ओवून मागे गाठ मारा, समोरून दिसत नाही.